वाढत्या अंगाची बंदूक

माझ्या दुकानात एक वाक्य दिवसातून पन्नास वेळा ऐकू येतं, "जरा वाढत्या अंगाचं द्या." जून उजाडला की शंभर वेळा. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत माझं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. पुढं विक्री, मागं शिवणकाम. वीस वर्षं झाली, पण पोराला आज नीट बसेल असा शर्ट मागणारी एकही आई मला भेटलेली नाही. खांदे कोपराकडं ओघळलेले, बाह्या बोटांवर आलेल्या, हाफ पँट गुडघ्याखाली. पोरगं आरशात स्वतःला शोधत असतं आणि आई समाधानानं म्हणते, "हं, आता दोन वर्षं बघायला नको." मी त्या आईचीच बाजू घेते. धंद्यासाठी नाही हो, धंदा बघितला तर दरवर्षी नवा गणवेश खपलेला मला बराच. पण मला ते मनापासून पटतं. पोरं वाढतात, कापड आटतं, तेव्हा मोठंच घ्यावं. आणि हीच अक्कल पदराला बांधून मी बंदूक घ्यायला गेले.

बंदूक म्हणजे खरीखुरी, बारा बोअरची. माझ्या लेकीसाठी.

लेक तेव्हा चौदाची होती. अंगानं काडी, बोलायला त्याहून कमी. शाळेच्या कॅडेट शिबिरात तिनं रायफल हातात धरली आणि तिथं आलेल्या एका सुभेदारांच्या नजरेत भरली. सुभेदार म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले, मूळचे करमाळ्याकडचे. अक्कलकोट रोडची एमआयडीसी संपली की पुढं आत त्यांचा एक माळ आहे. सगळा खडक, कुसळं सोडून काही उगवत नाही. त्यांनी रीतसर परवानग्या काढून तिथं क्ले शूटिंगची रेंज केली आहे. खड्ड्यातलं मशीन एक थाळी हवेत फेकतं, आपण ती छऱ्यांनी फोडायची, एवढाच खेळ. 'क्ले' म्हणतात, पण त्या थाळीत माती कसली? चुना आणि डांबर, वरून नारिंगी रंग. चहाच्या बशीएवढी असते आणि पळते मात्र अशी, की मला पहिले दोन रविवार ती दिसलीच नाही.

लेकीला दिसली. पहिल्याच दिवशी तिनं तीन फोडल्या. घरी आली ती हात न धुताच ताटावर बसली आणि तीन भाकऱ्या संपेपर्यंत बोलत होती. थाळी कशी निघते, कुठं वळते, फुटल्यावर धूर कसा होतो. माझा नवरा पोस्टात आहे, शांत माणूस. तो हातातला घास तसाच धरून तिच्याकडं बघत राहिला. इतकं बोलताना आम्ही तिला कधी ऐकलंच नव्हतं.

सात-आठ महिने ती रेंजवर एका कॉलेजातल्या मुलीची बंदूक वापरायची. पंचवीस थाळ्यांत चौदा, कधी पंधरा फोडायची. मग ती मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि तिची बंदूकही गेली. रेंजवर राहिली ती सुभेदारांची स्वतःची, सहा फुटी माणसाची. लेकीनं एवढंच विचारलं, "आई, आपली घेता येईल का गं?" जन्मात पहिल्यांदा तिनं स्वतःहून काही मागितलं होतं. बाहुली मागितली नाही, सायकल मागितली नाही, मागितली ती एकदम बंदूक. मी म्हटलं, घेऊ की.

कायद्यानं एकवीसच्या आत तिच्या नावावर लायसन होत नाही. बंदूक आईबापांपैकी कुणाच्या तरी नावावर, आणि पोरीनं ती त्यांच्या डोळ्यांदेखत चालवायची. नवऱ्यानं तर हातच जोडले. दिवाळीत फुलबाजी लावताना मान फिरवणारा माणूस तो. मग माझंच नाव. चौकशीला हवालदार दुकानात आले. मी गळ्यात टेप लटकवून, चड्ड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये बसलेली.

"मॅडम, बंदूक कशाला पायजे? कुणापासून जिवाला धोका हाय का?"

"आहे की," मी म्हटलं. "जूनमध्ये ज्यांचा गणवेश वेळेवर होत नाही, त्या सगळ्या आयांपासून."

त्यांनी ते लिहून घ्यायला गंभीरपणे पेन उचललं, तेव्हा माझी पाचावर धारण बसली. मग नीट समजावून सांगितलं. खेळ आहे, लेकीसाठी आहे, रेंजचं पत्र आहे, माझं ट्रेनिंग झालंय. हवालदार हसले, पण कागद हलायला महिने लागले ते लागलेच.

लायसन हातात आल्यावर मी सुभेदारांना विचारलं, कसली घेऊ? मला वाटलं होतं, पोरीची जात, हलकीफुलकी बघावी.

"न्हाय न्हाय," सुभेदार म्हणाले. "हलकी बंदूक लई लाथ मारती, ताई. जड असली की धक्का सोता गिळती. बाराचीच घ्या, काडतुसं हलकी वापरू. नळ्या एकावर एक असलेली बघा, नजरंला एकच रेघ दिसती. आन् सगळ्यात म्हत्त्वाचं म्हंजी दस्ता."

"दस्ता?"

"खांद्याला लावायचं लाकूड वं. बंदूक घ्यायची म्हंजी दस्ता घ्यायचा. नळी काय, कुणाचीबी सरळच असती. मी येतो संगं. पुतण्याचं लगीन हाय गावाकडं, आठ दिस दम धरा."

दम धरणं माझ्या पत्रिकेतच नाही. आठ दिवस म्हणजे दोन रविवार बुडणार. आणि माप घ्यायला मला कुणी सोबत लागतं का? अर्ध्या सोलापूरच्या पोरांचे खांदे मी मोजलेत. दुसऱ्याच दिवशी लेकीला स्कूटरवर मागं बसवलं आणि बंदुकांच्या दुकानात गेले.

दुकानदार जुने, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी दोन बंदुका काढल्या. दोन्ही एकावर एक नळ्यांच्या, दोन्ही वजनाला ठीक, किमतीतही फारसा फरक नाही. एक कुणा डॉक्टरीणबाईंनी वापरलेली, दस्ता आखूड करून घेतलेली. दुसरी जवळपास कोरी, पूर्ण मापाची, अक्रोडाच्या लाकडाचा देखणा दस्ता. लेकीनं आधी डॉक्टरीणबाईंची उचलली. ती खांद्यावर गेली आणि लेकीचा गाल लाकडावर टेकला, उशीवर टेकावा तसा. मग दुसरी उचलली. तिला खांद्यावर जागाच सापडेना. एकदा काखेत अडकली, एकदा दंडावर बसली.

दुकानदारांनी कोपर वाकवायला लावलं. दस्त्याची पाठ कोपराच्या खळग्यात ठेवली आणि बोट चापाकडं न्यायला सांगितलं. पहिलं पेर चापावर आलं तर बंदूक मापाची. आखूड दस्त्यावर पेर बरोब्बर आलं. लांब दस्त्यावर बोटाचं टोक कसंबसं पोचलं, तेही ताणून.

"वहिनी, ही लांब होतेय. इंचभर. जास्तच म्हणा."

"इंचभर!" मला हसूच आलं. "आमच्या धंद्यात इंचाला कुणी माप म्हणत नाही हो. आम्ही दोन-दोन इंच धरतो."

पर्समधून टेप काढली, लेकीचा हात मोजला, मनात हिशेब केला आणि निकाल देऊन टाकला. एका वर्षात हात या बंदुकीला येईल आणि मग ही तिला जन्मभर पुरेल. दुकानदार म्हणाले, "कपडा वेगळा, बंदूक वेगळी." मी म्हटलं, "माप ते माप."

"आई, मला ही..." लेकीचा हात अजून डॉक्टरीणबाईंच्या बंदुकीवर होता.

"ही सहा महिन्यांत आखूड होईल. मग काय, दरवर्षी नवी आणायची?"

तिनं हात काढून घेतला. "बरं," म्हणाली.

माझी लेक ही अशी. हट्ट नाही, रडारड नाही. पाहुण्यांत सगळ्या बायका म्हणायच्या, किती समंजस पोर, आमच्या कार्ट्यांना जरा शिकव म्हणावं. मला त्याचा फार अभिमान होता. पोर घडवावी तर अशी, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवायची.

सुभेदार लग्नाहून परतले. रेंजवर आम्ही ऐटीत पेटी उघडली. त्यांनी बंदूक उघडून रिकामी असल्याची खात्री केली, लेकीच्या खांद्याला लावून बघितली आणि माझ्याकडं वळले.

"ताई, ही पोरीच्या बापाला घेतली का?"

"वाढेल की ती."

"वाढंल तवा वाढंल. थाळी आज उडती."

मला असा राग आला! मी चार दिवस मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. फौजेत माणसं पूर्ण वाढ झाल्यावरच येतात, यांना पोरांचं काय कळतं? वर मी काय केलं, जाडजूड कापड घेऊन, खांद्यावर स्पंजची पट्टी घालून लेकीला एक जाकीट शिवलं. तेही वाढत्या अंगाचं.

नव्या बंदुकीवर ती पंचवीसातल्या सहा-सात फोडायला लागली. मी म्हटलं, होईल सवय. प्रत्येक फेरीनंतर मी विचारायची, "लागतंय का गं?" ती म्हणायची, "नाही." आणि मी तिला टाकीचे घाव, देवपण वगैरे ऐकवायची. सुभेदार दर रविवारी तुणतुणं लावायचे, "ताई, दस्ता कापून घ्या." मी त्यांना वाक्य पुरं करूच द्यायची नाही. कापायचं? ते अक्रोडाचं लाकूड? कापड एकदा कापलं की लांब होत नाही, माझ्या धंद्यातलं हे पहिलं आणि शेवटचं ज्ञान. आखूड झालेलं घेऊन बसलेले शिंपी मी पाहिलेत. मोठ्याचं लहान कधीही होतं, लहानाचं मोठं कोण करणार?

दोन महिन्यांनी लेकीला रविवारी पोट दुखायला लागलं. मग चाचणी परीक्षा. मग मैत्रिणीचा वाढदिवस. रेंजवर गेलीच तर चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायची. सुभेदारांनी मला ते लांबून दाखवलं. "बघा, गोळी सुटायच्या आदी पोर दचाकती," म्हणाले. मी म्हटलं, आळस आहे. नव्याचे नऊ दिवस संपले, दुसरं काय! जेवतानाची बडबडही थांबली होती. पूर्वीसारखी मान खाली, ताट स्वच्छ.

एका रविवारी तिनं पाच फोडल्या. येताना स्कूटरवर माझा पारा चढत चढत सात रस्त्याच्या सिग्नलला फुटला. लायसनसाठी मी किती खेपा घातल्या, दुकान सोडून दर रविवारी उन्हात उभी राहते, तुझा बाप एकटा वरणभात करून खातो, आणि तुला कदर आहे का, सगळं सगळं काढलं. शेजारच्या रिक्षातली बाई माझ्याकडं बघून 'बरोबर आहे' अशी मान हलवत होती, त्यामुळं मला आणखी चेव आला.

"नसेल जमत तर सांग! विकून टाकू ती बंदूक!"

मागून हळूच आवाज आला, "विकूया."

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवत होते आणि मला गिअर सापडेना. हे मी बोलण्यापुरतं बोलले होते हो. तिनं रडावं, 'नको आई' म्हणावं, मग मी दोन उपदेश करून विषय मिटवावा, असं आमचं ठरलेलं असतं. निदान माझं तरी. त्या रात्री जेवताना नवरा एवढंच म्हणाला, "तिनं काही मागायचं आणि काही सोडायचं, दोन्ही पहिल्यांदाच झालं." मला ते लागलं. पण मी ताट उचलून आत गेले.

पुढच्या आठवड्यात तिच्या शाळेनं गणवेश बदलला. आता पूर्ण बाह्यांचा शर्ट. दुपारी दुकानात गर्दी नव्हती, तिला कपडे घालून बघायच्या खोलीत बोलावलं. छाती, खांदा झाला. दंडाभोवती टेप घेतली तशी ती 'स्स' करून मागं सरकली.

"काय झालं?"

"काही नाही."

मी बाही वर केली. खांद्याच्या खाली, दंडावर, माझ्या पंजाएवढा डाग होता. मधे काळाजांभळा, कडेला हिरवट, आणि त्याच्याही बाहेर जुना पिवळा पडलेला. बंदूक खांद्यावर बसतच नव्हती. प्रत्येक धक्का पोरगी दंडावर घेत होती. स्पंजची पट्टी मी खांद्यावर घातली होती आणि मार तिला भलतीकडंच बसत होता.

"हे कधीपासून आहे?"

"बंदूक आणल्यापासून."

"अगं, मी दर वेळी विचारत होते की तुला! नाही म्हणत होतीस!"

ती जमिनीकडं बघत म्हणाली, "तू म्हणाली होतीस ना, वर्षात हात वाढेल म्हणून. मी वाढायची वाट बघत होते."

तिनं दप्तरातली वही काढून दाखवली. मागच्या पानावर दर रविवारची तारीख आणि तिच्या हाताचं माप. माझ्याच टेपनं घेतलेलं, माझ्यासारखंच पाव इंचापर्यंत. चार महिने तोच आकडा. एका ठिकाणी पाव इंच जास्त लिहिलेलं होतं आणि मग खोडलेलं. "तेव्हा टेप तिरकी धरली गेली होती," ती म्हणाली.

मी त्या खोलीत खाली बसले आणि रडले. लाज वाटली मला. परक्याच्या पोराची बाही अर्धा इंच कमी झाली तर मी उसवून परत शिवून देते, आणि स्वतःच्या पोरीला मापात बसत नाही म्हणून मार खायला उभं केलं. बरं, पोर कळवळून सांगणार कुणाला? सांगायचं नाही, मागायचं नाही, सोसायचं, हे मीच तर शिकवलं होतं. तेच पाहुण्यांत मिरवत होते. बाहेरून शिलाईवाल्या अक्कांनी दार वाजवलं, "मॅडम, गिऱ्हाईक आलंय." मी आतून ओरडले, "बसू दे!"

मग डोळे पुसून तिला विचारलं, "खरं सांग. विकायची का?"

तिनं टेप बोटाला गुंडाळली. "मला थाळी फोडायला आवडतं," ती म्हणाली. "ती बंदूक नाही आवडत."

या वेळी मी दम धरला. सुभेदारांना फोन केला आणि ते येईपर्यंत तीन दिवस थांबले. तिघं मिळून बंदुकांच्या दुकानात गेलो. डॉक्टरीणबाईंची बंदूक केव्हाच विकली गेली होती. दुकानदारांनी मला एका शब्दानं टोमणा मारला नाही, यानं मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मागच्या खोलीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं.

"कित्ता काटूं, भाभी?"

मी तोंड उघडलं. इतक्या वर्षांची सवय, शब्द आपोआपच आले, "अर्धा इंच जादा ठे..." सुभेदारांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. मी तोंड मिटलं. "तिला विचारा," म्हटलं.

लेकीनं बंदूक खांद्याला लावली. मिस्त्रींनी माझ्या खडूनं एक रेघ मारली. तिनं पुन्हा लावून बघितली. "अजून थोडं," म्हणाली, आणि लगेच माझ्याकडं वळली. "चालेल का?"

"मला काय विचारतेस? तो दस्ता माझ्या खांद्याला लागणार आहे का?"

दुसरी रेघ पडली, मग तिसरी. सव्वा इंच. मिस्त्रींनी करवत लावली तेव्हा मला दुसरीकडं बघावं लागलं. पाच मिनिटांत लाकडाची एक जाड चकती टेबलावर पडली. रबराची गादी पुन्हा बसवता बसवता मिस्त्री म्हणाले, "ये टुकडा फेंकने का नक्को. बेबी लंबी हुई तो गादी के नीचे येच वापस डाल देतूं."

मला कळेना. "म्हणजे, परत लांब करता येतं?"

"आता गं बया!" सुभेदारांनी कपाळाला हात लावला. "मी चार म्हैने काय बोंबलत हुतो मग? तुमी वाक्यच पुरं करू देत न्हाय की!"

मिस्त्री, दुकानदार, लेक, सगळे हसले. मीही हसले, दुसरं करणार काय! चकती पर्समध्ये टाकली.

त्यानंतर दंडावरचा डाग उतरेपर्यंत सुभेदारांनी तिला बंदूक उचलू दिली नाही. दोन रविवार ती नुसती मशीनमागं उभी राहून थाळ्या बघत होती. तिसऱ्या रविवारी मी सकाळपासून धास्तावलेली. पोळ्या करपल्या, स्कूटरची किल्ली फ्रीजवर सापडली. मापाचं झालं ते झालं, पण पोरीच्या मनातली भीती गेली नसेल तर? चार महिने दर रविवारी मार खाल्लेलं शरीर विसरतं का इतक्यात? ते तर मी कापून, जोडून दुरुस्त करू शकत नव्हते.

ती जागेवर उभी राहिली. बंदूक खांद्यावर गेली, गाल टेकला. "पुल!" ती ओरडली, म्हणजे थाळी सोडा. थाळी सुटली, बार झाला, थाळी अखंड कुसळांत जाऊन पडली. दुसरीही गेली. मी पदराचं टोक पिळत होते. तिसऱ्या थाळीचा भर हवेत काळा धूर झाला. सुभेदार माझ्याकडं न बघता म्हणाले, "डोळं उघडं हुतं." पंचवीस संपल्या तेव्हा अकरा फुटल्या होत्या. पंधरा नव्हेत, अकराच.

तिनं बंदूक उघडली, रिकामी करून स्टँडला लावली आणि माझ्याकडं आली. घामानं डबडबलेली.

"लागलं का गं?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. नेहमीसारखंच, चटकन.

मी काही बोलले नाही. टाकीचे घाव नाहीत, शाबास नाही, काही नाही. नुसती तिच्याकडं बघत उभी राहिले. माझ्यासारख्या बाईला हे किती जड जातं, ते मलाच ठाऊक. ती पाणी प्यायली, बाटलीचं झाकण लावलं, परत काढलं.

"थोडं लागलं," ती म्हणाली. "दंडाला नाही. गालाला. दस्त्याची वरची कड बोचते."

"बरं."

"आणि हे जाकीट मोठं आहे, आई. दस्ता त्याच्यात अडकतो." आता तिचा आवाज जरा चढला होता. "आणि मी 'पुल' म्हणायच्या आधी तू मागं 'हं' म्हणतेस. दर वेळी म्हणतेस. मला तेवढंच ऐकू येतं. ते बंद कर."

सुभेदार पाठ फिरवून रिकामी काडतुसं वेचायला लागले. त्यांचे खांदे हलत होते.

"अजून काय?" मी विचारलं.

"अजून पुष्कळ आहे," लेक म्हणाली.

मी तिथंच खडकावर बसले आणि म्हटलं, "सांग."